त्रेचाळीस गावांत भुंकलेला कुत्रा

ग्लासबाख, ४ जुलै १९३२

प्रिय थेक्ला,

बसली असशील तर उभी राहा. आपल्या गावाचं नाव तबकडीवर आलंय!

चेष्टा नाही. या महिन्याच्या निवडणुकीला उभ्या असलेल्या डॉक्टर क्राइड्नरांनी ग्लासबाखसाठी खास भाषण केलंय. त्यांचा प्रचार करणाऱ्या क्नॉर मास्तरांनी काल एमिलच्या खानावळीत ग्रामोफोन आणला आणि गाव लोटलं. बायका खिडकीबाहेर स्टुलांवर उभ्या. सुई टेकली, जरा खरखर झाली, आणि मग तो आवाज! भरदार, दमदार. "माझ्या बंधूंनो, भगिनींनो! मी आज बोलतोय ते ग्लासबाखशी!" लोक उड्या मारायला लागले गं. एमिलच्या हातून बिअरचा मग पडला आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही, यावरून ओळख.

पुढे म्हणाले, "तुमच्या हातांना मी विसरलेलो नाही. तुमच्या हातचं काम परक्या दलालाच्या पेटीत जाणार नाही. एक ऑगस्टपासून ते राज्य विकत घेईल. तोवर 'नाही' म्हणायची हिंमत ठेवा!" तुझी मेटावहिनी रडली. मी पण, पण ते तिला सांगू नकोस.

आता खरी गोष्ट. प्रागचे पोलाकशेठ परवा येऊन गेले. बावीस वर्षं येतायत, यंदाही पोरांना खसखशीची पोळी आणली. नाताळच्या झाडाला टांगायचे काचेचे गोळे हवेत म्हणाले. भाव पाडून, पण मागणी सगळ्या गावाला पुरेल एवढी. अमेरिकेचं काम बंद पडल्यापासून पहिली मागणी. पंचवीस तारखेपर्यंत उत्तर द्यायचं, नाहीतर ते सीमेपलीकडच्या कारागिरांना देतील. काच वितळवायची माझी ज्योत फेब्रुवारीपासून विझलेली आहे, हे तुला माहीत आहे.

पण तबकडी ऐकल्यावर मी ठरवलंय. तेवीसच्या सभेत कारागीर मंडळाचा अध्यक्ष म्हणून मी सांगणार की पोलाकशेठना नकार द्या. मंडळ माझं ऐकतं. एकदा तरी ताठ उभं राहू दे.

तू धाडलेली कॉफी संपली. मेटा तोच चोथा तिसऱ्यांदा उकळते आणि "बर्लिनची कॉफी" म्हणून शेजारणींना पाजते.

तुझा दादा,
आल्बिन

◆

बर्लिन, ७ जुलै १९३२

प्रिय दादा,

पत्र मिळालं. कॉफी उद्या टाकते.

मला तीन गोष्टी कळव. तबकडीच्या मधल्या कागदाचा रंग कोणता? त्याच्या खाली कोपऱ्यात बारीक आकडा आहे का, आणि कोणता? तिसरं म्हणजे, भाषण पुन्हा लाव आणि शब्द न् शब्द उतरून काढ. त्यात "काच" हा शब्द किती वेळा येतो ते मोज. आठवणीवर जाऊ नकोस, कागदावर मोज.

तू विचारलं नाहीस, पण सांगून ठेवते. कागद हिरवा असेल तर ती तबकडी मी ओळखते. यापेक्षा जास्त लिहिता येणार नाही. नोकरीला लागताना मी एका कागदावर सही केली आहे, आणि माझा पगार तुमच्या घरी कोणत्या रूपात पोचतो ते वहिनीला माहीत आहे.

पोलाकशेठना अजून नकार कळवू नकोस. सभेपर्यंत थांबायला काही हरकत नसावी.

थेक्ला

◆

ग्लासबाख, १० जुलै १९३२

प्रिय थेक्ला,

हिरवाच! आणि आकडा १७!

अगं मुली, तू डॉक्टरांना ओळखतेस आणि गप्प बसून राहिलीस? "ती तबकडी मी ओळखते" म्हणे! मी पत्र घेऊन तडक खानावळीत गेलो. म्हटलं, ऐका रे, आमची थेक्ला त्याच ठिकाणी कामाला आहे जिथे डॉक्टर बोलले. तिनं त्यांना डोळ्यांनी पाहिलंय. क्नॉर मास्तरांनी माझा हात इतका जोरात हलवला की खांदा अजून दुखतोय. ते म्हणाले, "आता कुणाला शंका असेल तर त्यानं आल्बिनच्या बहिणीला विचारावं." गावात तुझं नाव झालं बघ. ग्राइनर आजी, तीच ती, तुझ्या वेण्या ओढायची, ती म्हणाली, "नाकात बोलायची ती पोरगी? बरी निघाली की."

"काच" शब्द मोजला. एकदाही नाही. पण त्यानं काय होतं? मोठा माणूस आहे तो, "हातचं काम" म्हणाला, आपण समजायचं. तू लहानपणापासून अशीच. सगळे मेळ्यात नाचायचे आणि तू पाळण्याचे नटबोल्ट मोजत बसायचीस.

सभेत मास्तर तुझं पत्र वाचून दाखवा म्हणतायत. वाचू ना?

आल्बिन

◆

बर्लिन, १३ जुलै १९३२

दादा,

वाचू नकोस. माझं कोणतंही पत्र कुणाला दाखवू नकोस. हे जाळ.

मी डॉक्टर क्राइड्नरांना "ओळखत" नाही. त्यांना एका दुपारी काचेपलीकडून चार तास पाहिलं आहे, एवढंच. माझ्या एका वाक्यावर तू काय काय बांधलंस ते वाचून मी पत्र दोनदा खाली ठेवलं. चूक माझी आहे; अर्धं लिहायला नको होतं. आता माझं नाव पुढे करून गाव वर्षातलं एकुलतं एक काम परत पाठवणार असेल, तर मला स्वस्थ बसता येत नाही. आणि सगळं लिहिता येत नाही.

म्हणून एक काम सांगते. ते फक्त तूच करू शकतोस.

बाबांनी आपल्याला नळी हातात देण्याआधी वर्षभर काय करायला लावलं होतं, आठवतं? चर्चमध्ये पाद्री बोलत असताना आपण शेवटच्या बाकावर बसून त्यांचे श्वास मोजायचो. बाबा म्हणायचे, काच फुंकणाऱ्यानं आधी दुसऱ्याचा दम ओळखावा, मग स्वतःचा कळतो. कुठे घेतला, किती घेतला, किती खर्चला. माझं चुकायचं. तुझं कधी चुकलं नाही. पाद्र्यांना सर्दी होणार हे तू दोन दिवस आधी सांगायचास.

ग्रामोफोनच्या भोंग्याजवळ कान ने. शब्द ऐकू नकोस. डॉक्टरांचे श्वास मोज. सुरुवातीचं अर्धं मिनिट पुरे.

काय ऐकू आलं ते कळव.

थेक्ला

◆

ग्लासबाख, १७ जुलै १९३२

थेक्ला, थेक्ला, थेक्ला!

हे पत्र मी उभ्याउभ्या लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

गुरुवारी दुपारी एमिलकडे कुणी नव्हतं. भोंग्यात डोकं घालून बसलो. एमिल म्हणाला, "काय रे, आत कुणी राहतं का?" पहिल्या वेळी काही नाही. दुसऱ्या वेळी शब्द सोडले आणि दम धरला. "मी आज बोलतोय ते", इथे डॉक्टर छाती भरून श्वास घेतात. पोटापासून, मोठा गोळा फुंकावा तसा. मग "ग्लासबाखशी!" एक शब्द. आणि लगेच पुन्हा छाती भरून श्वास!

अगं, एका शब्दाला दोन छात्या? पहिला दम गेला कुठे? भरलेल्या फुग्यात कुणी पुन्हा भरतं का? मी बारा वेळा लावली. माझं पोरसुद्धा असा श्वास घेणार नाही. माणूस घेऊच शकत नाही.

मग मला तुझा आकडा आठवला. सतरा. सतरावी असेल तर सोळावी कुठे आहे?

शुक्रवारी पहाटे सायकल काढली आणि शीफरग्रुंडला मेटाच्या भावाकडे गेलो. पाटीच्या दगडाची खाण सोडली तर त्या गावात काय आहे? पण त्यांच्याकडेही तबकडी! हिरवी! आकडा ३१. मेव्हणा छाती काढून सांगतो, "डॉक्टर खास आमच्याशी बोलले." लावली. "मी आज बोलतोय ते शीफरग्रुंडशी!" तोच श्वास, तोच शब्द, पुन्हा तोच श्वास. बाकी सगळं तेच. तुमचे हात, तुमच्या हातचं काम. ते बिचारे "दगड" समजले, आपण "काच" समजलो.

आणि कुत्रा! "हिंमत ठेवा" नंतर टाळ्यांत एक कुत्रा भुंकतो. आमच्याकडे सगळे म्हणत होते तो एमिलचा वाल्डी, बाहेर बांधलेला. शीफरग्रुंडलाही तोच भुंकला! वाल्डी काय माझ्या सायकलमागे बसून आला?

मेव्हण्याकडून तबकडी आणि ग्रामोफोन दोन्ही मागून आणलंय. सभेत दोन्ही एकदम वाजवणार. लोकांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं पाहिजे. मी नुसतं सांगितलं तर म्हणतील पोलाकशेठनं आल्बिनला पोळी चारली.

पण थेक्ला, हे केलं कुणी? आणि तुला कसं माहीत?

आल्बिन

◆

बर्लिन, १९ जुलै १९३२

प्रिय दादा,

मी केलं.

हे पत्र टपालात टाकत नाही. वहिनीची मैत्रीण उद्या सकाळच्या गाडीनं परत निघते आहे, तिच्या शिवणाच्या डब्यात ठेवते.

आमच्याकडे आवाज आधी सिनेमाच्या फिल्मसारख्या फितीवर उतरतो. फितीच्या कडेला नागमोडी पट्टा दिसतो, तोच आवाज. तो कात्रीनं कापता येतो आणि चिकटवता येतो. जोडावर "टिक्" असा आवाज होऊ नये म्हणून तिथे काळ्या शाईनं तिरका त्रिकोण रंगवतात. कंपनीत तो सगळ्यांत स्वच्छ मी रंगवते. रेडिओवर वेळ मिळेना म्हणून डॉक्टरांच्या माणसांनी तबकड्या काढायचं ठरवलं. त्या दुपारी डॉक्टरांनी भाषण एकदा केलं. मग खुर्चीवर बसून त्रेचाळीस गावांची नावं वाचली, एकापाठोपाठ एक, मध्ये लिंबूपाणी पीत. यादी त्यांच्या सचिवानं धरली होती. ग्लासबाखला ते अडखळले आणि म्हणाले, "हे कुठे आहे?" सचिव म्हणाला, "डोंगरात कुठेतरी." तेवढं मी कापून टाकलं.

कापताना मला काही वाटलं नाही, हे तुला खरं सांगते. उलट मजा आली. त्रेचाळीस नावांसाठी मी सारखीच जागा ठेवली, एक्केचाळीस सेंटिमीटर फीत. लहान नावापुढे थोडी शांतता. श्वास काढून पाहिले, पण ते काढल्यावर यंत्र बोलल्यासारखं वाटायचं, म्हणून राहू दिले. टाळ्या एका दुसऱ्याच मैदानी सभेतल्या आहेत. कुत्रा मी ऐकला होता. एकाच तबकडीत एकदाच येतो, कुणाच्या लक्षात येणार, असा हिशेब केला. एकाच गावात दोन तबकड्या येतील हे माझ्या हिशेबात नव्हतं. माझ्या गावाचं नाव मीच चिकटवलं, आणि तू त्यावर रडलास हे वाचलं त्या दिवसापासून कात्री हातात घेतली की ते आठवतं.

आता कामाचं. दोन ग्रामोफोन नुसते एकदम सुरू करशील तर फसशील. दोघांच्या स्प्रिंगचा वेग वेगळा असतो. दहा सेकंदांत गोंधळ होईल आणि लोक हसतील ते तुला. फिरत्या चकतीखाली कागदाची चिठ्ठी अडकव आणि मिनिटाला किती फेरे होतात ते मोज. दोन्हीकडे बरोबर अठ्ठ्याहत्तर आले पाहिजेत. कमीजास्त असेल तर बाजूचा लहान स्क्रू फिरव, उजवीकडे जलद. दोघांना पूर्ण किल्ली दे. सुया एकाच डबीतल्या, नव्या. सोबत डबी ठेवली आहे. दोन सुया दोन माणसांनी एका खुणेवर टेकवायच्या. सराव दहा वेळा कर. वहिनीला घे, तिचा हात स्थिर आहे. गोळ्यांवर सोन्याची रेघ ओढते ती.

माझं नाव घ्यायचं की नाही ते तू ठरव. घेतलंस तर नोकरी जाईल. पण तेवढ्यानं सभा वळणार असेल तर घे. हे मी विचार करून लिहिते आहे.

रात्री नीट झोप लागत नाही. भीतीनं नाही. मला तिथे असायला हवं होतं.

थेक्ला

◆

ग्लासबाख, २४ जुलै १९३२

माझ्या बहिणी,

तू इथे नव्हतीस म्हणून एकही गोष्ट गाळणार नाही.

बेचाळीस घरांची बेचाळीस माणसं मतदानाला, आणि बघायला सगळं गाव. एका कोपऱ्यात आमचा भोंगा, समोरच्या कोपऱ्यात शीफरग्रुंडचा. मेटा तिकडे, मी इकडे. क्नॉर मास्तर खूश! त्यांना वाटलं मी डॉक्टरांचा मान म्हणून दोन भोंगे लावलेत. उठून म्हणाले, "आल्बिननं आज आवाज दुप्पट केलाय!" टाळ्या पडल्या.  

मी रुमाल खाली केला, मेटानं आणि मी सुई टेकवली.

थेक्ला, अठ्ठ्याहत्तर म्हणजे अठ्ठ्याहत्तर! एकच माणूस दोन तोंडांनी बोलावा तसं. "मी आज बोलतोय ते" आणि इकडून ग्लासबाख, तिकडून शीफरग्रुंड! लोकांच्या माना इकडून तिकडे. कुणीतरी म्हणालं, "काय म्हणाला तो?" मेव्हणा मागून ओरडला, "आमचं नाव म्हणाला!" "गप रे, आमचं म्हणाला!" "दोन्ही म्हणाला!" तोवर भाषण पुढे चाललेलं, शब्दाला शब्द, खोकल्याला खोकला. मग सगळे गप्प झाले. बेचाळीस काच फुंकणारे, थेक्ला. एकदा कान लागला की त्यांना दम कळतोच. म्हातारा बोह्म पुटपुटला, "दोनदा भरला की रे याने." कुणी त्याला सांगितलं नव्हतं. मीही नव्हतं!

आणि शेवटी कुत्रा. दोन्ही कोपऱ्यांतून एकदम. भू!

 मग बाहेरून खरा वाल्डी भुंकला उत्तरादाखल. अख्खी खानावळ हसून कोसळली. लोक टेबलं बडवतायत, एमिल कपाळाला हात लावून म्हणतोय, "माझ्या कुत्र्याची बदनामी केली तीन आठवडे!"

मास्तर पांढरेफटक. पण माणूस हुशार. म्हणाले, "यंत्रातला दोष असेल. आल्बिन, तुझ्याच बहिणीनं डॉक्टरांना पाहिलंय की नाही? सांग सगळ्यांना! तिची साक्ष काढ!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुझं पत्र माझ्या आतल्या खिशात होतं. हात तिकडे गेलाही.

मी म्हटलं, "मास्तर, ते मी फुशारकी मारली. बहीण बर्लिनमध्ये असते, तिनं काय पाहिलं काय नाही मला ठाऊक नाही. आणि दम ओळखायला काच फुंकणाऱ्याला बहिणीची साक्ष लागत नाही." बोह्म म्हणाला, "बरोबर." संपलं.

मत घेतलं. पोलाकशेठची मागणी घ्यायची म्हणून एकतीस, नको म्हणून अकरा. अकरा का, विचारशील. ग्राइनर आजी उठून उभी राहिली. ती म्हणाली, "पोरांनो, मी त्र्याहत्तर वर्षांची. आजवर एकाही मोठ्या माणसाच्या तोंडून ग्लासबाख ऐकलं नव्हतं. कापलं असेल, चिकटवलं असेल. पण नाव त्याच्याच तोंडून आलं ना? मी त्यालाच मत देणार." कुणी हसलं नाही, थेक्ला. मलाही हसू आलं नाही. ते "हे कुठे आहे" तू लिहिलेलं मी तिला सांगितलं नाही. कधीच सांगणार नाही.

आज सकाळी ज्योत पेटवली. पहिला गोळा तडकला, हात विसरला होता. दुसरा जमला. मेटानं आत रुप्याचं पाणी फिरवलं आणि खिडकीत टांगला. तुझ्यासाठी ठेवलाय.

तुझी तिन्ही पत्रं जाळली. मजकूर पाठ आहे.

आल्बिन

◆

बर्लिन, ९ ऑगस्ट १९३२

प्रिय दादा,

तुझं पत्र मी कंपनीच्या जिन्यात उभी राहून वाचलं आणि मोठ्यानं हसले. तीन माणसं वळून बघायला लागली. त्यांनी मला हसताना कधी पाहिलं नव्हतं.

निकाल तू वाचलेच असशील. डॉक्टर क्राइड्नर भरपूर मतांनी निवडून आले. एक ऑगस्ट होऊन गेला. राज्यानं कुणाच्या हातचं काम विकत घेतल्याचं माझ्या वाचनात नाही.

क्नॉर मास्तरांनी डॉक्टरांच्या कचेरीला लिहिलं, कचेरीनं आम्हाला. मागच्या सोमवारी आमचे साहेब, पाश्के, यांनी मला बोलावलं. पत्र हातात होतं. त्यांनी विचारलं, "फ्रॉयलाइन, ग्लासबाख तुमचंच गाव ना?" मी हो म्हटलं. "तिकडे कुणाला काही लिहिलंत?" मी म्हटलं, "भावाला लिहिते. तब्येत आणि कॉफी." त्यांनी हातातलं पत्र पुन्हा चाळलं. माझे हात टेबलावर होते आणि ते हलले नाहीत. मग ते म्हणाले, "या लोकांनी शोधलं कसं, हेच कळत नाही. पत्रात फक्त कुत्र्याचं लिहिलंय." मी म्हटलं, "कुत्रा माझी चूक. सुधारते."

आणि सुधारली आहे, दादा, तेही तुला कळलं पाहिजे. शरद ऋतूत पुन्हा निवडणूक होणार म्हणतात. या वेळी गावं दोनशे आहेत. प्रत्येक गावाला वेगळी गर्दी, वेगळ्या टाळ्या. कुठे पाऊस, कुठे चर्चची घंटा, कुठे रडणारं मूल. एका गावची तबकडी दुसऱ्या गावच्या तबकडीशेजारी लावली तरी आता काही मिळणार नाही. तुमच्या सभेतून ते एवढं शिकले. काम सोडावं असं दोन दिवस वाटत होतं. मग हिशेब केला. मी उठले तर ही खुर्ची ज्याला मिळेल तो श्वासही नीट कापायला शिकेल.

म्हणून मी इथेच आहे. पाश्केसाहेबांनी काल पहिल्या वीस फिती तपासल्या, एकेक जोड भिंगाखाली. म्हणाले, "निर्दोष." नावापुढचा श्वास आणि नावामागचा श्वास दोनशेही फितींत मी जसाच्या तसा ठेवला आहे. एकाच शब्दाला दोन छात्या. त्यांनी तो चार वेळा ऐकला आणि पुढे गेले.

तुमच्या खोऱ्यात जिथे जिथे ज्योत आहे तिथे तिथे तू जातोसच. लोकांना म्हणावं, भोंग्याजवळ कान न्या.

आमच्या कंपनीत काच फुंकणारं कुणी नाही.

थेक्ला